वीतभर पिल्लाचे पोट

पामेरियन, चिहुआहुआ, शिह त्झू, यॉर्कशायर टेरियर अशा ठेंगण्या जातींचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे वजन साधारण १०० ते २०० ग्रॅम असते. लॅब्राडोरचे पिल्लू त्याच वयात ४००-५०० ग्रॅम भरते. हा फरक नुसता आकाराचा नाही. शरीर जितके लहान, तितका वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठा. त्यामुळे ऊब आणि पाणी दोन्ही भराभर निघून जातात. यकृतात साठवलेली साखर अत्यल्प, अंगावर चरबी जवळजवळ नाही, आणि त्या इवल्या देहात साखरेवर चालणारा मेंदू मात्र मोठा. एखादे जेवण चुकले तर मोठ्या जातीचे पिल्लू किरकिरते. ठेंगण्या जातीच्या पिल्लाला तेवढ्यानेही झटके येऊ शकतात.

अशा पिल्लाला काय, किती आणि कसे द्यावे, याबद्दल आपल्याकडे दोन पक्ष आहेत. १९८० आणि १९९०च्या दशकांत महाराष्ट्रातल्या घरांत ‘पामेरियन’ म्हणून जो पांढरा झुपकेदार कुत्रा आला, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असे. १९९४च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी याच जातीचा. ही कुत्री दूध-पोळीवर वाढली आणि घरातल्या माणसांसारखी राहिली. एका पक्षाचा सगळा पुरावा तोच. दुसरा पक्ष पशुवैद्यकाचा. त्याच्या हातात ग्रॅममध्ये मोजणारा काटा आणि थर्मामीटर असतो. पुढच्या संवादात पहिला पक्ष काकू मांडतात. कुत्र्यांची तीन-चार बाळंतपणे त्यांनी घरात निस्तरली आहेत. दुसरा पक्ष मांडते शेजारची, आता पशुवैद्य झालेली मुलगी. काकू तिला अजूनही एकेरीतच बोलतात.

काकू : कुत्री व्याली की पहिले दोन दिवस आम्ही तिकडे फिरकायचो नाही. तिचं तिला कळतं. तुम्ही मात्र पिल्लू जन्मलं रे जन्मलं की त्याला काट्यावर ठेवता.

डॉक्टर : सारखं हाताळू नये हे बरोबरच आहे, काकू. पण पहिल्या दिवशी पिल्लू थानाला लागलं की नाही, चीक पोटात गेला की नाही, एवढं तरी बघायलाच हवं. आईच्या पोटात असताना पिल्लाला रोगप्रतिकारक द्रव्यं फार थोडी मिळतात. बहुतेक सगळी चिकातूनच यायची असतात, आणि पिल्लाचं आतडं ती जेमतेम चोवीस तास आत घेतं. त्यातही पहिले काही तास सगळ्यांत मोलाचे. त्यानंतर कितीही चीक पाजला तरी तो नुसतं अन्न म्हणून पचतो.

काकू : आणि वजन कशाला?

डॉक्टर : कारण डोळ्यांना कळेपर्यंत उशीर झालेला असतो. पहिल्या दिवशी जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत घट चालते. पुढे रोज पाच ते दहा टक्के वाढ दिसली पाहिजे. दीडशे ग्रॅमचं पिल्लू म्हणजे रोजचे आठ ते पंधरा ग्रॅम. एवढासा फरक हातात घेऊन कुणाला कळणार? केक करताना मैदा मोजायचा डिजिटल काटा पुरतो, पण वजन रोज त्याच वेळी करून लिहून ठेवायचं. दुसऱ्या दिवशीही वजन वाढलं नाही, तर आईला दूध कमी आहे किंवा धडधाकट भावंडं याला बाजूला ढकलतायत असं समजायचं आणि हालचाल करायची.

वजनापेक्षाही आधी पाहण्याची गोष्ट म्हणजे ऊब, आणि घरगुती समजुतीतली सर्वांत महागात पडणारी चूक याच ठिकाणी होते. नवजात पिल्लाला पहिल्या आठवड्यात कुडकुडता येत नाही. स्नायूंच्या थरथरीतून उष्णता निर्माण करण्याची सोय त्याच्याकडे अजून आलेली नसते. त्याच्या शरीराचे तापमान पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ अंश सेल्सिअस असते आणि चौथ्या आठवड्याच्या सुमारास मोठ्या कुत्र्याच्या पातळीला, म्हणजे ३८ अंशांच्या पुढे जाते. तोवर ते आईच्या पोटावर, भावंडांच्या ढिगावर आणि भोवतालच्या उबेवर अवलंबून असते.

काकू : म्हणून तर गार पडलेल्या पिल्लाला आम्ही आधी कोमट दूध पाजायचो. पोटात ऊब गेली की हुशारी येते.

डॉक्टर : तेवढं मात्र करू नका. अंगाचं तापमान साडेचौतीस अंशांच्या खाली गेलं की आतड्यांची हालचाल थांबते. दूध तसंच पडून आंबतं, पोट फुगतं, वर येऊन श्वासनळीत जातं. आधी पिल्लू गरम करायचं आणि मगच पाजायचं.

काकू : गरम करायचं म्हणजे काय, शेगडीजवळ ठेवायचं?

डॉक्टर : नाही, हळूहळू. तासा-दोन तासांत. एकदम भाजत्या उष्णतेजवळ ठेवलं तर कातडी पोळते आणि अंगातलं पाणीही उडून जातं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवायची, म्हणजे नको झालं तर पिल्लाला सरकता येईल. पहिल्या आठवड्यात पिल्लाभोवतीची हवा २९ ते ३२ अंश असावी, नंतर हळूहळू कमी करत जायची.

काकू : मी पदरात गुंडाळून पोटाशी धरून बसायची.

डॉक्टर : तो उपाय उत्तमच. माणसाच्या अंगाच्या उबेने कुणी भाजत नाही.

आई दूध देत असेल आणि पिल्ले वाढत असतील, तर माणसाने यापुढे काही करायचे नसते. आई मेली, तिला दूध आले नाही किंवा तिने पिल्लाला झिडकारले, की खरा वाद उभा राहतो. बहुतेक घरांत मग फ्रिजमधले पिशवीचे दूध पाणी घालून पाजले जाते. गायीचे दूध पिल्लाला ‘जड’ पडते, अशी यामागची समजूत. वस्तुस्थिती उलटी आहे. कुत्रीच्या दुधात सुमारे ९ टक्के स्निग्धांश आणि ७ ते ८ टक्के प्रथिने असतात. गायीच्या दुधात दोन्ही साडेतीन-चार टक्क्यांच्या आसपास. दुधातली साखर मात्र गायीच्या दुधात जास्त, जवळपास पाच टक्के. कुत्रीच्या दुधात ती तीन-साडेतीन टक्केच असते. म्हणजे पिल्लाला जे हवे ते गायीच्या दुधात निम्मे आणि ज्याने जुलाब होतात ते अधिक. वर पाणी घातले की उरलेसुरले सत्त्वही जाते.

काकू : मग म्हशीचं द्यावं. त्याला साय बघ केवढी.

डॉक्टर : स्निग्धांशाच्या बाबतीत तुमचं खरं आहे. म्हशीच्या दुधात तो सहा-सात टक्के असतो, गायीपेक्षा बराच जवळ. पण प्रथिनं चारच्या आसपास आणि साखर गायीएवढीच. पिल्लू जगेल कदाचित, पण अंग धरणार नाही. हिशेबच करून बघू. दोनशे ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला चाळीस-पंचेचाळीस कॅलरी लागतात, आणि त्याच्या पोटात एका वेळी मावतात जेमतेम आठ मिलीलिटर. गायीच्या दुधाचे पासष्ट-सत्तर मिलीलिटर पाजावे लागतील, म्हणजे गच्च पोट भरून आठ-नऊ वेळा. कुत्रीच्या दुधाचे तेवढ्याच कामाला पस्तीसेक मिलीलिटर पुरतात.

काकू : आठ मिलीलिटर म्हणजे दीड चमचाच झाला की!

डॉक्टर : तेवढंच. ते रडतं म्हणून आपण वाढवत जातो आणि जुलाब लावून घेतो. रडण्याचं कारण थंडीही असतं, पोटात दुखणंही असतं.

पिल्लांसाठी तयार दुधाची भुकटी पशुऔषधांच्या दुकानात मिळते. तिचा डबा उघडल्यावर त्यावरच्या मापानेच ती कालवायची. घट्ट केली तर बद्धकोष्ठ होऊन अंगातले पाणी कमी होते, पातळ केली तर उपासमार. रात्री-अपरात्री दुकान बंद असेल तर अडचणीपुरते घरी मिश्रण करता येते. एक कप निर्भेळ दूध, तीन अंड्यांचे पिवळे बलक, चमचाभर खाद्यतेल आणि चिमूटभर मीठ. पांढरा भाग घालायचा नाही. ही तजवीज एक-दोन दिवसांची, महिन्याची नव्हे. कोणतेही दूध पाजताना अंगाइतके कोमट, म्हणजे ३८ अंशांच्या जवळपास असावे. पहिल्या आठवड्यात ठेंगण्या जातीच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, पाजावे लागते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे अंतर चार तासांपर्यंत वाढते.

काकू : आम्ही कापसाची वात दुधात बुडवून तोंडात द्यायचो.

डॉक्टर : वातीतून दूध कमी आणि हवा जास्त जाते, धागेही गिळले जातात. ड्रॉपर किंवा सुई नसलेली सिरिंज त्याहून धोक्याची. पिल्लाचा घोट आणि आपला दाब यांचा मेळ बसत नाही. दूध फुप्फुसात जातं आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. छोट्या निपलची बाटली घ्यावी. भोक असं, की बाटली उलटी धरली तर दूध धारेनं पडू नये, किंचित दाबल्यावर थेंब यावा. आणि पिल्लू पालथं हवं, मान जराशी वर, आईच्या थानाशी असतं तसं. तान्ह्या बाळासारखं मांडीवर उताणं घेऊन पाजायचं नाही. घाईत हटकून तेच होतं.

काकू : नाकातून दूध आलं तर?

डॉक्टर : तिथंच थांबायचं, डोकं खाली करून नाक पुसायचं, आणि नंतर श्वासाचा घरघर आवाज येतोय का बघायचं. पिल्लाला चोखायची शक्तीच नसेल तर जबरदस्ती नको. तेव्हा नळीनं पाजावं लागतं, आणि ते पशुवैद्याकडून शिकल्याशिवाय करायचं नाही.

पाजल्यानंतरची एक गोष्ट नवखे लोक हमखास विसरतात. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून लघवी-शी करता येत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते. आई नसेल तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने ती जागा हळुवार पुसावी लागते, प्रत्येक पाजण्याच्या वेळी. काकूंना हे ठाऊक होते. डॉक्टरने सांगण्याआधीच त्यांनी ते सांगितले.

या काळात वेगळे पाणी पाजावे का, असा प्रश्न येतो. नवजात पिल्लाच्या शरीरात सुमारे ८० टक्के पाणी असते, मूत्रपिंडे अजून कच्ची असल्याने लघवी घट्ट करून पाणी राखण्याची ताकद नसते, आणि वजनाच्या १०० ग्रॅममागे रोज १३ ते २२ मिलीलिटर द्रव लागतो. तरीही नीट कालवलेल्या दुधातून तो भागतो. पोटातली जागा नुसत्या पाण्याने भरली तर तेवढे अन्न कमी जाते.

तिसऱ्या आठवड्यानंतर चित्र पालटते. १० ते १४ दिवसांनी डोळे उघडलेले असतात, दुधाचे दात हिरड्यांतून वर येऊ लागतात, आणि आई पिल्लांपासून उठून जायला लागते. हा दूध तोडण्याचा काळ साडेतीन-चार आठवड्यांपासून सात-आठ आठवड्यांपर्यंत चालतो.

काकू : इथं आमचं खिमट कामाला येतं. तांदूळ-डाळ भाजून, दळून, मऊ शिजवून. माझी नातवंडंसुद्धा त्यावरच वाढली.

डॉक्टर : मऊपणा, कोमटपणा, थोडं थोडं देणं हे सगळं खिमटासारखंच हवं. आतला माल मात्र वेगळा. पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्याचा एक भाग आणि कोमट पाण्याचे किंवा पिल्लाच्या दुधाचे दोन-तीन भाग एकत्र भिजवून, घोटून पातळ लापशी करायची. पसरट बशीत द्यायची. दर चार-पाच दिवसांनी पाणी कमी करत न्यायचं. आणि पिल्लाचं नाक बशीत दाबून ‘खा’ म्हणायचं नाही. तीही नाकात दूध घालण्याचीच एक तऱ्हा झाली.

पहिले काही दिवस पिल्लू बशीत चालते, केस माखून घेते आणि खाते थोडे. हे अपेक्षित आहे. चौथ्या आठवड्यापासून उथळ भांड्यात स्वच्छ पाणी जवळ ठेवावे. भांडे इतके उथळ, की त्यात पडले तरी नाक बुडणार नाही.

भरवण्याच्या अर्ध्याअधिक अडचणी खरे तर खाद्यातून येतच नाहीत. त्या पिल्लू आईपासून लवकर तोडल्यामुळे येतात. प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २०१७ साली श्वान-प्रजननाचे नियम आले. त्यांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात ठेंगण्या जातीचे पिल्लू जितके लहान तितके गोंडस, म्हणून ते महिन्याभराचे असतानाच टोपलीतून घरी येते आणि विकणारा ‘पंचेचाळीस दिवसांचं’ म्हणून सांगतो. दुधाचे २८ दात सहा ते आठ आठवड्यांत पुरे होतात. मागच्या दाढा आल्याच नसतील, तर पिल्लू सांगितल्यापेक्षा लहान आहे असे समजायला हरकत नाही.

काकू : आमच्याकडे दोन महिने आईपासून कुणी तोडायचं नाही. कायदा नव्हता तेव्हाही.

डॉक्टर : म्हणूनच तुमची पिल्लं दूध-पोळीवर तगली, काकू. श्रेय पोळीला गेलं, ते जायला हवं होतं आईला.

काकू : तरी सगळी तगली असं नाही. एकदा चारातली दोन गेली. रात्रभर चांगली होती, सकाळी एक लुळं पडलेलं, दुसऱ्याला आकडी आली. दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या.

डॉक्टर : किती आठवड्यांची होती?

काकू : नऊ-दहा असतील. पाहुण्यांकडे दिली होती, आदल्याच दिवशी.

काकूंची ही आठवण आणि पशुवैद्यकाच्या पुस्तकातले वर्णन यांत तसूभर अंतर नाही. ठेंगण्या जातींच्या पिल्लांत सहाव्या ते सोळाव्या आठवड्यांत रक्तातली साखर एकाएकी उतरते. नवे घर, प्रवास, थंडी, जंत, हगवण, मुलांनी दिवसभर खेळवणे आणि एखादे जेवण न खाणे, यांतले काहीही निमित्त पुरते. यकृतातला साठा काही तासांत संपतो, स्नायू इतके थोडे की त्यांतूनही साखर काढता येत नाही. आधी पिल्लू गप्प आणि सुस्त होते, मग पाय लटपटतात, चालताना झोक जातो, नजर हरवते. त्यानंतर थरथर, झटके आणि शुद्ध हरपणे. ‘दमून झोपलं असेल’ या समजुतीत पहिला तास निघून जातो, आणि त्या तासात पिल्लू घरच्या घरी सावरण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

काकू : मग अशा वेळी गुळाचं पाणी पाजायला हवं होतं का?

डॉक्टर : पाजायला नाही, चोळायला. मध, ग्लुकोजची भुकटी पाण्यात कालवून किंवा साखरेचा घट्ट पाक, जे हाताशी असेल ते बोटावर घेऊन हिरड्यांना आणि गालाच्या आतून लावायचं. गुळाचा पाकही चालेल. शुद्धीवर नसलेल्या पिल्लाच्या तोंडात काहीही ओतलं तर ते फुप्फुसात जाणार. फक्त साखर न घातलेलं, ‘शुगर-फ्री’ काही लावू नका. त्यात झायलिटॉल असू शकतं, आणि ते कुत्र्याची साखर आणखी उतरवतं, यकृतही खराब करतं.

काकू : मग पिल्लू उठतं?

डॉक्टर : बहुतेकदा काही मिनिटांत मान वर करतं. त्याला गुंडाळून ऊब द्यायची आणि गिळता यायला लागलं की लगेच खऱ्या अन्नाचे दोन घास द्यायचे. नुसती साखर चढते तशी उतरते. त्यानंतर दवाखाना गाठायचाच. सावरलं तरीही. जंत असतील, जुलाब सुरू होणार असतील, कधीकधी यकृताचा जन्मजात दोषही असतो. आणि दहा मिनिटांत फरक नाही पडला तर घरी थांबायचंच नाही. दवाखान्यात शिरेतून डेक्स्ट्रोज द्यावं लागतं.

काकू : मग रोजच्या पाण्यातच थोडी साखर घातली तर?

डॉक्टर : त्यानं नुकसान होतं. साखरेमागून इन्सुलिन उसळतं, मग साखर पुन्हा खाली. शिवाय गोड पाणी पिऊन पोट भरलं की खाणं कमी. उपाय साखर नाही, वेळापत्रक.

येथे दोन्ही पक्ष एका बाजूला आले. काकूंच्या घरात पिल्लांना ‘येता-जाता’ भरवले जाई. डॉक्टर त्यालाच तासांचे रूप देते. आठ ते बारा आठवड्यांच्या ठेंगण्या पिल्लाला दिवसा दर तीन-चार तासांनी, एकूण पाच-सहा वेळा खायला द्यावे. शेवटचे जेवण झोपण्याआधी अकराच्या सुमारास, पहिले पहाटे पाचला. नव्या घरी आणल्यावर पहिला आठवडाभर आधीचेच खाद्य चालू ठेवावे आणि बदलायचे असेल तर नंतरच्या सात-आठ दिवसांत थोडे थोडे मिसळत बदलावे. एका वेळचे खाणे तोंड न लावता तसेच राहिले, तर ते कोमट करून किंवा त्यावर चमचाभर अळणी चिकनचे पाणी घालून पुन्हा द्यावे. दुसऱ्या वेळीही नाकारले तर फोन उचलावा.

इतक्या वेळा का भरवायचे, हे कळायला प्रमाणाचा अंदाज उपयोगी पडतो. एक किलोच्या वाढत्या पिल्लाला दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात. साठ किलोच्या माणसाला १८०० ते २००० धरल्या, तर त्याला किलोमागे तीसेक पडतात. म्हणजे पिल्लाचा किलो माणसाच्या किलोपेक्षा सहा-सात पट खादाड असतो, आणि पोट मात्र वाटीएवढेही नसते. त्यामुळे त्या पोटात जे जाईल ते सत्त्वाचेच असावे लागते. दूध-पोळीवर डॉक्टरचा खरा आक्षेप हाच.

काकू : त्या पाकिटातल्या गोळ्यांत काय असतं, कुणी पाहिलंय? आणि भाव बघितलास का?

डॉक्टर : भावाचं लॅब्राडोरवाल्यांनी बोलावं. तुमच्या एक किलोच्या पिल्लाला दिवसाला पन्नास-पंचावन्न ग्रॅम लागतात. एक किलोची पिशवी अठरा-वीस दिवस जाते. पिशवीवर ‘पिल्लांसाठी’ आणि ‘संपूर्ण आहार’ असं आहे का ते बघा. अमेरिकेत पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या ‘आफ्को’ या संस्थेच्या प्रमाणानुसार वाढीच्या खाद्यात, ओलावा वजा जाता, किमान साडेबावीस टक्के प्रथिनं हवीत. गव्हाच्या पिठात ती बाराच्या आसपास. दूध घालून थोडी वाढतात, पण कॅलरी भरल्यावर पिल्लाचं पोट भरतं आणि प्रथिनं, खनिजं राहून जातात.

काकू : म्हणून आम्ही उकडलेली कोंबडी द्यायचो. मटणवाल्याकडून खिमासुद्धा आणायचो.

डॉक्टर : नुसत्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं. फॉस्फरस पंधरा-वीस पट असतो. पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जरा जास्तच लागतं. ते मिळालं नाही की शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं, पाय वाकतात, उडी मारली तरी हाड मोडतं. घरचं खाणं घालूच नये असं माझं म्हणणं नाही. पण ते पशुवैद्यानं ठरवून दिलेलं, कॅल्शियमसकट मोजलेलं हवं. अंदाजपंचे नको. आणि संपूर्ण खाद्य देत असाल तर त्यावर वेगळ्या कॅल्शियमच्या गोळ्याही नकोत.

या मुद्द्यावर काकू पूर्णपणे पटल्या नाहीत, आणि त्यांच्या हट्टाला अर्थ आहे. पावसाळ्यात उघडी राहिलेली पिशवी ओलसर होते, तिला खवट वास येतो, किडे पडतात. तालुक्याच्या गावी पिल्लांचे खाद्य दुकानात महिनोन् महिने पडून असते. जिनसा ताज्या हव्यात हा आग्रह चुकीचा नाही. त्यावर उपाय म्हणजे लहान पिशवी, तारीख पाहून, हवाबंद डब्यात. मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून घेण्याचा मोह ठेंगण्या जातीच्या बाबतीत टाळावा. एका पिल्लाला ती वेळेत संपवता येत नाही. घरच्या ताटातले काय वर्ज्य याची यादी मात्र निर्विवाद आहे. कांदा-लसूण घातलेली आमटी, द्राक्षे, मनुका आणि बेदाणे, चॉकलेट, चहा, शिजवलेली हाडे. शिऱ्यातला एखादा बेदाणाही एक किलोच्या देहाला जोखमीचा.

काकू : आणि दूध? दूध तोडल्यावर दूध द्यायचंच नाही?

डॉक्टर : दूध पचवणारं विकर वयाबरोबर कमी होत जातं. काहींना वाटीभर दुधानं काही होत नाही, काहींना दोन चमच्यांनी हगवण लागते. ठेंगण्या पिल्लाला हगवण परवडत नाही, म्हणून प्रयोगच नको. गोड नसलेलं दही चमचाभर चालतं.

हगवणीबरोबर पाण्याचा प्रश्न पुन्हा येतो, आणि आता तो जिवाशी येतो. दूध तोडलेल्या पिल्लाला अन्नातले धरून किलोमागे रोज साधारण ६० ते १०० मिलीलिटर पाणी लागते. भिजवलेल्या खाद्यातून त्यातले बरेच जाते. कोरड्या दाण्यांत मात्र पाणी सुमारे दहा टक्केच असते, त्यामुळे कोरडे खाद्य सुरू झाल्यावर पाण्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. विदर्भातल्या मे महिन्यात तर पिल्लू धापा टाकूनच अंग गार ठेवते, आणि प्रत्येक धापेबरोबर पाणी जाते.

काकू : रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवावं, नाहीतर सगळीकडे मुततं.

डॉक्टर : भांडं कधीच उचलायचं नाही. रात्री एकदा बाहेर न्या, फरशी पुसा, पण पाणी बंद नको.

काकू : सुकलंय हे कळायचं कसं? मानेची कातडी ओढून बघतात ना?

डॉक्टर : दोन महिन्यांपुढच्या पिल्लात ते थोडं कामाचं. तान्ह्या पिल्लात फसवं, कारण कातडीखाली चरबी नसते. हिरड्यांना बोट लावा. ओलसर, घसरट हव्यात, चिकट नकोत. लघवी फिकट हवी. गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. आणि सगळ्यांत खरा साक्षीदार तुमचा तो नावडता काटा. पाचशे ग्रॅमचं पिल्लू एका दिवसात पन्नास ग्रॅमनं उतरलं, तर ते मांस नव्हे, पाणी गेलं. दहा टक्के पाणी जाणं म्हणजे सलाईनची वेळ.

काकू : हगवण लागली की आम्ही एक दिवस उपास घालायचो. पोटाला विश्रांती.

डॉक्टर : मोठ्या कुत्र्याला एक वेळ चालेल. या पिल्लाला उपास म्हणजे पुन्हा ती आकडी. उलटी होत नसेल तर जलसंजीवनी अर्ध्या-अर्ध्या चमच्यानं, दर दहा-पंधरा मिनिटांनी, आणि त्याच दिवशी दवाखाना. उलटी होत असेल तर तोंडानं काहीच नाही, थेट दवाखाना. हगवण, उलटी आणि मरगळ एकत्र दिसली तर पार्व्होचा संशय आधी घ्यायचा.

पार्व्हो विषाणू १९७८ साली ओळखला गेला. काकूंच्या तरुणपणी हा रोग नवाच होता, त्यामुळे जुन्या अनुभवात त्याला फारशी जागा नाही. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत देतात. जंतांचे औषध त्याहून आधी, दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सुरू होते, कारण गोल जंत आईच्या गर्भातून आणि दुधातून पिल्लात येतात. पोट नगाऱ्यासारखे आणि बरगड्या उघड्या, असे पिल्लू कितीही खाल्ले तरी सुधारत नाही. औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि पाचशे ग्रॅमच्या देहात एका थेंबाची चूकही मोठी असते. म्हणून ते मोजून, पशुवैद्याच्या सांगण्यावरून द्यावे.

चार महिन्यांनंतर साखर उतरण्याची भीती ओसरते. तेव्हा जेवणे हळूहळू चारवर आणि मग तीनवर आणता येतात. सहा महिन्यांनंतर बहुतेकांना दोन पुरतात. दोन किलोंच्या आत राहणाऱ्या चिहुआहुआसारख्यांना मात्र तीन वेळा खाणे पुढेही चालू ठेवणे बरे, आणि कमी करायचे झाल्यास रात्रीचे सर्वांत शेवटी कमी करावे. ठेंगण्या जातींची वाढ लवकर पुरी होते. त्यामुळे दहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान पिल्लांचे खाद्य बंद करून मोठ्यांचे सुरू करतात, तेही आठवडाभरात थोडे थोडे मिसळत.